वाचकांचे प्रश्न : पुढच्या गाडीत इंजिनाचं काम काय?

या वेळी बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेला आहे. इंजिन राहणार की जाणार, हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी) घ्यावी की थांबावं, आणि घ्यायची तर कुठल्या जातीची. माझं नोकरीतलं आयुष्य इंजिनांच्या टेस्ट बेडजवळ गेलं, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने येणार. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या चाहत्यांनी रागावू नये.

प्रश्न : चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची आहे. टर्बो पेट्रोल, डिझेल, माइल्ड हायब्रिड (मोटर नुसती मदतीला), फुल हायब्रिड (मोटर एकटीही गाडी चालवते), प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी). यातलं सर्वांत कार्यक्षम काय, ते एका वाक्यात सांगा.

उत्तर : ज्या रचनेत इंजिनाला हलक्या लोडवर रेंगाळावं लागत नाही, ती. झालं एक वाक्य. पण ते उलगडल्याशिवाय तुमच्या काही उपयोगाचं नाही.

कंपन्या ‘४० टक्के कार्यक्षमता’ असा एक आकडा सांगतात. तो खोटा नसतो, पण तो एका ठिपक्याचा आकडा असतो. टेस्ट बेडवर इंजिन डायनामोमीटरला (भार देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्राला) जोडतात, आरपीएम आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) थोडा थोडा बदलत नेतात आणि दर ठिकाणी एक किलोवॅट-तास काम काढायला किती ग्रॅम पेट्रोल लागलं ते मोजतात. हे आकडे कागदावर मांडले की डोंगराच्या नकाशावर असतात तशा रेषा उमटतात. मध्ये एक लहानसा माथा असतो, सर्वांत कमी पेट्रोल लागणारा. तिथे आजचं चांगलं पेट्रोल इंजिन २१० ते २४० ग्रॅम खातं, म्हणजे पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ३५ ते ४० टक्के भाग कामी येतो. तेच इंजिन अगदी हलक्या लोडवर आणलं की आकडा ४०० ग्रॅमच्या पुढे सरकतो.

आता तुमची गाडी या नकाशावर कुठे राहते ते बघा. मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने जायला साधारण १२ ते १५ किलोवॅट पुरतात. गर्दीतली सरासरी काढली तर त्याच्याही निम्म्याहून कमी. इंजिन मात्र ८०-१०० किलोवॅटचं, कारण ओव्हरटेक करताना आणि चढावर तेवढी ताकद हवी असते. म्हणजे बहुतेक वेळ थ्रॉटल, हवा आत सोडणारी झडप, जेमतेम किलकिला. पिस्टनची बरीच शक्ती त्या फटीतून हवा ओढण्यातच जाते. आणि लोड हलका झाला म्हणून रिंगांचं, बेअरिंगांचं घर्षण काही त्या प्रमाणात कमी होत नाही.

बाजारातले सगळे पर्याय हे या एकाच दुखण्यावरचे उपाय आहेत. टर्बोवाले इंजिन लहान करतात, पंख्याने जास्त हवा आत कोंबतात आणि त्यालाच जास्त लोडवर राबवतात. काही इंजिनं अर्धे सिलिंडर बंद ठेवून उरलेल्यांवर भार टाकतात. डिझेलला हवा कोंडून ताकद कमी करायची गरजच नसते, म्हणून हलक्या लोडवर ते पेट्रोलपेक्षा कायम बरं. पण त्याच्या धुराची सफाई इतकी गुंतागुंतीची झाली आहे की लहान गाड्यांतून ते मागे हटत चाललं आहे. निसानने तर कम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते प्रमाण) ८ ते १४ च्या दरम्यान चालता चालता बदलणारं टर्बो इंजिन बाजारात आणलं. यंत्र म्हणून मला त्याचं फार कौतुक. पण क्रँकशाफ्टपाशी (पिस्टनच्या जोराने गोल फिरणाऱ्या दांड्यापाशी) इतक्या कड्या आणि सांधे असलेलं इंजिन स्वतःच्या गाडीत दहा-बारा वर्षं सांभाळायची माझी तयारी नाही.

हायब्रिडचा उपाय सरळ आहे. हलका लोड आला की इंजिन बंदच करायचं, आणि चालवायचं तेव्हा माथ्याच्या आसपास चालवायचं. तेव्हा आधी आपलं चालवणं तपासा. किती वेळ थांबत-निघत जातो, किती एकसारख्या वेगाने? खालची बरीच उत्तरं त्यावर फिरतात.

प्रश्न : ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड म्हणजे डिकीवर लावायचं नुसतं चिन्ह आहे का?

उत्तर : नुसतं चिन्ह नाही, पण फार आशाही धरू नका. बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी पट्ट्याने जोडलेली दहा-पंधरा किलोवॅटची मोटर असते आणि सोबत लहानशी लिथियम बॅटरी. ४८ व्होल्टच का, तर ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की उच्च व्होल्टेजचे सुरक्षा नियम लागू होतात. नारिंगी केबल आल्या, वेगळं इन्सुलेशन आलं. तो खटाटोप टाळून इंजिन झटकन आणि न थरथरता सुरू करता येतं, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते, टर्बोचा जोर येईपर्यंतची पोकळी भरून निघते. पण गाडी रांगत असताना इंजिन बहुतेक वेळ चालूच. म्हणजे वर लिहिलेलं दुखणं जवळजवळ तसंच राहिलं. आवडलेल्या गाडीत आपसूक आली तर चांगलं, पण तिच्यासाठी म्हणून गाडी निवडू नका.

प्रश्न : ताई, आमच्या फुल हायब्रिडमध्ये चढावर पाय दाबला की इंजिन एकदम ओरडायला लागतं, वेग मात्र सावकाश वाढतो. सर्व्हिसवाले म्हणतात सगळं ठीक आहे. गिअरबॉक्स घसरतोय का? सगळ्या हायब्रिड अशाच असतात?

उत्तर : घसरत नाही. तुमच्या वर्णनावरून गाडी पॉवर-स्प्लिट जातीची दिसते, आणि त्या रचनेत घसरायला क्लचच नसतो. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये पहिली प्रियस आणली तेव्हापासूनची ही कल्पना. मध्यभागी एक प्लॅनेटरी गिअर. बाहेर दातेरी रिंग, आत सन गिअर, दोघांच्या मधे फिरणारी छोटी चाकं आणि त्यांना धरून ठेवणारा कॅरिअर. इंजिन कॅरिअरला जोडलेलं, एक मोटर-जनरेटर सन गिअरला, दुसरी मोटर आणि गाडीची चाकं रिंगकडे. प्रियसमध्ये रिंगला ७८ आणि सनला ३० दात होते. या हिशेबाने इंजिनाच्या टॉर्कचा ७२ टक्के वाटा रिंगकडे आणि २८ टक्के सनकडे जातो, आणि हा वाटा कधीच बदलत नाही. बदलतात ते वेग. सनवरच्या जनरेटरचा वेग कमीजास्त केला की चाकांचा वेग आहे तोच राहतो आणि इंजिनाचं आरपीएम मात्र हवं तिथे नेता येतं. जनरेटरने काढलेली वीज दुसऱ्या मोटरला जाते आणि शेवटी चाकांनाच मिळते.

गिअर बदलणं नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. नेहमीच्या ऑटोमॅटिकपेक्षा आत कितीतरी कमी भाग. लोक हायब्रिड म्हटलं की ‘जास्त भानगडी’ म्हणतात. या जातीबद्दल तरी ते खरं नाही.

आता ओरडण्याचं. तुम्ही पाय दाबता तेव्हा कंट्रोल युनिटला ‘एवढे किलोवॅट द्या’ असा निरोप जातो. ते किलोवॅट ज्या आरपीएमवर कमी पेट्रोलमध्ये निघतील तिथे ते इंजिनाला थेट नेतं आणि तिथेच ठेवतं. आपल्या कानांना गिअरच्या गाडीची सवय आहे, वेग वाढेल तसा आवाज चढत जाणार अशी. इथे आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो.

आणखी एक कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. फुल हायब्रिडची बरीच इंजिनं अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालतात. जेम्स अ‍ॅटकिन्सनने १८८० च्या दशकात कड्यांचं एक अवघड जंजाळ वापरून प्रसरणाचा टप्पा दाबण्याच्या टप्प्याहून लांब केला होता. आज ते काम व्हॉल्व्हच्या वेळेवर होतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करायचा, थोडी हवा परत बाहेर जाऊ द्यायची, म्हणजे दाबायला हवा कमी आणि प्रसरण मात्र पूर्ण. थ्रॉटल आवळून हवा कोंडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं. चौथ्या पिढीच्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनाने याच वाटेने ४० टक्क्यांचा माथा गाठला, टोयोटाच्या २.५ लिटर हायब्रिड इंजिनाने ४१. किंमत काय मोजावी लागते? कमी आरपीएमवर टॉर्क नसतो. साध्या गाडीत असं इंजिन घातलं तर सिग्नलवरून निघताना चालक शिव्या देईल. हायब्रिडमध्ये ती उणीव मोटर झाकते, कारण मोटरचा टॉर्क शून्य वेगापासून पूर्ण असतो. मोटर जोडली म्हणून मायलेज वाढतं असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. मोटर आहे म्हणून इंजिनाला इतकं एकांगी बनवता आलं, हा मला त्यातला मोठा फायदा वाटतो.

सगळ्या अशाच असतात का? नाही. निसानची ई-पॉवर रचना २०१६ मध्ये नोट या गाडीत आली. तिच्यात चाकं फक्त मोटर फिरवते, इंजिन नुसतं वीज बनवतं. (कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शेने १९०० सालीच इंजिनावर जनरेटर आणि चाकांत मोटर अशी गाडी बांधली होती.) चालवायला गुळगुळीत, पण प्रत्येक युनिट आधी विजेत आणि मग परत गतीत बदलायचं असल्याने दोनदा कर भरावा लागतो. होंडाने मधली वाट काढली. गावात ती गाडी मालिका पद्धतीने, म्हणजे इंजिन-वीज-मोटर अशी चालते, आणि हायवेच्या वेगाला एक क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. एकच गिअर, साध्या गाडीच्या टॉप गिअरसारखा. त्या वेगाला थेट दांड्याइतकं स्वस्त काहीच नाही.

तुमचं चालवणं मुख्यतः गर्दीतलं असेल तर तिन्हींत फार फरक पडणार नाही, आवाज कोणाचा सहन होतो ते बघा. तास-दोन तास एकसारख्या वेगाने जाणं जास्त असेल तर इंजिनाला चाकांपर्यंत यांत्रिक वाट असलेली रचना घ्या. आणि हेही ऐकून ठेवा की ताशी १००-११० च्या एकसारख्या वेगाला इंजिनावर मुळातच बऱ्यापैकी लोड असतो, त्यामुळे तिथे हायब्रिड आणि चांगलं टर्बो पेट्रोल यांच्यातलं अंतर बरंच आटतं. हे विक्रेते सांगत नाहीत.

प्रश्न : घाट उतरताना आमच्या हायब्रिडची बॅटरी अर्ध्या वाटेतच पूर्ण भरते आणि मग इंजिन घरघरतं. म्हणजे पुढची सगळी वीज वायाच ना? बॅटरी मोठी का देत नाहीत?

उत्तर : हिशेब करून बघू. १४०० किलोची गाडी ताशी ६० वरून थांबली तर तिच्यात साठलेली गतीची ऊर्जा ०.०५४ किलोवॅट-तास. इंजिनाने हीच ऊर्जा ३० टक्के कार्यक्षमतेने बनवली असती तर सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागलं असतं. जनरेटर, बॅटरी आणि मोटर यांचा तोटा जाता त्यातला अर्धा ते दोन-तृतीयांश भाग परत मिळतो असं धरा. एका थांबण्याला दहा-बारा मिलिलिटर. दिवसात शंभर वेळा थांबणाऱ्याला ही चैन आहे, एकदाच थांबणाऱ्याला नाही.

५०० मीटर उंचीचा घाट उतरलात तर तीच गाडी १.९ किलोवॅट-तास सोडते. त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायर खातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसची पूर्ण बॅटरी १.३ किलोवॅट-तासांची होती, आणि आयुष्य वाढावं म्हणून त्यातलाही मधला पट्टाच वापरतात. ती भरणारच. भरल्यावर ऐकू येणारी घरघर पेट्रोल जळण्याची नसते. जनरेटर मोटर बनून इंजिन नुसतं फिरवतो, म्हणजे ते इंजिन ब्रेक झालं. ब्रेक तापू नयेत म्हणून ते हवंच, घाबरू नका.

मोठी बॅटरी दिली तर त्या एका घाटासाठी बाकी वर्षभर तिचं वजन ओढायचं. मला हा सौदा पटत नाही.

प्रश्न : प्लग-इन हायब्रिड घेतली तर दोन्हीकडचा फायदा मिळेल ना? रोजचं जाणं-येणं विजेवर, लांबचं पेट्रोलवर.

उत्तर : मिळेल, रोज चार्ज केलीत तर. युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांमधल्या इंधन-मीटरची माहिती गोळा केली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. प्लग-इनचं सरासरी साडेतीन पट. कारण चाचणीत गृहीत धरलं होतं त्यापेक्षा लोक फार कमी चार्ज करत होते. न चार्ज केलेली प्लग-इन म्हणजे दीड-दोनशे किलोंचं जास्तीचं ओझं वाहणारी साधी हायब्रिड.

उलट टोकाचा त्रासही आहे. रोज निष्ठेने चार्ज करणाऱ्याच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं आणि शिळं होतं. शेव्हरोलेने २०१० च्या शेवटी आणलेल्या व्होल्टमध्ये याची सोय केली होती. सहा आठवडे इंजिन चाललं नाही तर गाडी ते स्वतःहून थोडा वेळ चालवून घ्यायची, आणि पेट्रोल वर्षभर जुनं झालं तर ते जाळून संपवायला लावायची. घेताना अशी व्यवस्था आहे का ते विचारा. टाकी नेहमी काठोकाठ भरून ठेवू नका.

याच्याच पुढची पायरी रेंज एक्स्टेंडर. मोठी बॅटरी आणि अडीनडीला वीज करणारं छोटं इंजिन. बीएमडब्ल्यूच्या आय-३ मध्ये ते ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं होतं, माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० साठी ८३० सीसीचं एका रोटरचं वँकेल इंजिन काढलं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. वँकेल आकाराने लहान आणि फिरायला गुळगुळीत, म्हणून जनरेटरच्या कामाला मोह पाडतं. पण त्याची ज्वलनाची पोकळी लांबट आणि चपटी असते, उष्णता भिंतींना फार जाते, आणि पेट्रोल ते जास्तच पितं. जनरेटर केलं म्हणून ही भूमिती बदलत नाही. शिवाय इंजिन फार छोटं असेल तर लांब चढावर बॅटरी संपल्यावर गाडी हळू होणार. चिनी कंपन्या रेंज एक्स्टेंडरला भरपूर मोठं इंजिन देतात, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न : हायड्रोजन किंवा ई-फ्युएल आलं की आत्ताची इंजिनं तशीच चालतील, मग हायब्रिडची घाई कशाला?

उत्तर : चालतील, पण कशाच्या जिवावर ते बघा. ई-फ्युएल म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून पेट्रोल बनवायचं. चिलीतल्या हारू ओनी प्रकल्पात २०२२ च्या शेवटी असं पेट्रोल निघायला लागलं. १०० युनिट वीज घेतली तर पेट्रोल होईपर्यंत साधारण निम्मी उरते, आणि ते इंजिनात ३० टक्क्यांनी जाळलं की चाकांना १५ च्या आसपास. तीच वीज बॅटरीत भरली असती तर ७० च्या वर. इतकं महाग इंधन वापरायची वेळ आलीच तर ते हायब्रिडमध्येच जाळायला हवं, नाही का?

इंजिनात हायड्रोजन जाळताही येतो. टोयोटाने २०२१ मध्ये अशी कोरोला फुजीच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली होती. जळण्याने कार्बन निघत नाही, नायट्रोजन ऑक्साइड मात्र निघतात. खरी अडचण टाकीची आहे. ७०० बार दाबाला एक लिटर हायड्रोजनमध्ये १.३ किलोवॅट-तास मावतात, एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९. डिकी हायड्रोजनला द्यायची की सामानाला, ते ठरवा.

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या हायब्रिड इंजिनाने ५० टक्के कार्यक्षमता गाठली असं वाचलं. ते आपल्या गाड्यांत कधी येणार?

उत्तर : २०१७ मध्ये मर्सिडीजने आपलं १.६ लिटर व्ही-६ इंजिन टेस्ट बेडवर ५० टक्क्यांच्या वर गेल्याचं जाहीर केलं होतं. काम अफाटच. पण ते इंजिन जन्मभर पूर्ण थ्रॉटलजवळ राहतं, रोजच्या गाडीला ते सुख कुठलं. शिवाय त्यातला बराच वाटा टर्बोच्या दांड्यावर बसवलेल्या जनरेटरचा होता. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेची तो वीज करायचा. गुंतागुंत आणि खर्च यांमुळे २०२६ च्या नियमांतून शर्यतवाल्यांनीच तो काढून टाकला. प्री-चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या लहान कप्प्यात, आधी पेटवून ज्वाळा खाली सोडण्यासारख्या काही युक्त्या रस्त्यावरच्या इंजिनांत आल्या आहेत, आणखी येतील.

रोजच्या इंजिनाचा पुढचा चेहरा मला वेगळ्या बातमीत दिसतो. मे २०२४ मध्ये टोयोटा, सुबारू आणि माझदा या तिघांनी मिळून मोटर आणि बॅटरीच्या जोडीने वापरायची नवी इंजिनं करत असल्याचं सांगितलं. टोयोटाचं १.५ लिटरचं इंजिन बुटकं आहे, कारण ते बुटकं असेल तर बॉनेट खाली आणता येतं आणि हवेचा विरोध कमी होतो. त्याच महिन्यात रेनो आणि गीली यांनी हॉर्स नावाची सामाईक कंपनी उभी केली, जी इंजिनं आणि हायब्रिड गिअरबॉक्स बनवून दुसऱ्यांनाही विकणार. इंजिन हा गाडीचा अभिमान होता, तो आता बाहेरून मागवायचा सुटा भाग होतोय. माझ्या पिढीच्या लोकांना हे गिळायला जड जातं, पण हिशेब बरोबर आहे. अरुंद पट्ट्यात चालणारं इंजिन प्रत्येकाने वेगळं कशाला बनवायचं?

प्रश्न : हायब्रिडचं इंजिन निम्मा वेळ बंद असतं. मग ऑइल उशिरा बदललं तर चालेल?

उत्तर : नाही. तास कमी भरतात, पण गार अवस्थेत सुरू होणं वाढतं. इंजिन पूर्ण तापायच्या आत पुन्हा बंद झालं की ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. प्लग-इनमध्ये तर हे जास्तच. पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी येईल ते धरा, आणि ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-८ असं पातळ ऑइल सांगितलं असेल तर ‘जाड बरं’ म्हणून दुसरं घालू नका. सगळ्या जागा त्या पातळपणाच्या हिशेबानेच ठेवलेल्या असतात.